सतरा घरं आणि तेरा आकडे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी पंधरा दिवस हसलेलो नाही. धड जेवलेलोही नाही. चहा आहे ना सगळ्यांकडे? मग ऐका, एका शिकल्यासवरल्या माणसाने बसल्या जागी, निळ्या पेनाने, स्वतःला गुन्हेगार कसं करून घेतलं ते.

मला जुन्या गाड्यांची भारी हौस. इथे अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या कॉलनीत सगळ्यांकडे त्याच त्या पांढऱ्या नाहीतर करड्या गाड्या. अकरा वर्षं मीही तशीच चालवली. मग एक दिवस शेजारच्या राज्यातल्या एका आजोबांकडून सदुसष्ट सालची अमेरिकन गाडी घेऊन आलो. दोनच दारं, लांबलचक बॉनेट, हिरवागार रंग. मुग्धा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "सुहास, ही गाडी आहे की होडी?" पण बसली हो शेजारी, गॉगल लावून!

आता दुसऱ्या राज्यातली जुनी गाडी म्हटलं की ती इथे नव्याने नोंदवायची. त्याचा एक फॉर्म असतो आणि त्यात गाडीचा कारखान्यात पडलेला नंबर लिहायचा असतो. माझ्या गाडीत तो ड्रायव्हरचं दार उघडलं की बिजागरीजवळच्या एका छोट्या पट्टीवर होता. पट्टी काळीकुट्ट. मी स्वयंपाकघरातली तारेची घासणी आणली, खसाखसा घासली आणि नंबर उतरवून घेतला. एक अक्षर धरून तेरा आकडे.

फॉर्मवर घरं सतरा!

तुम्ही काय केलं असतं, सांगा ना! आपल्याला दहावीच्या फॉर्मपासून काय शिकवलंय? एकही चौकट रिकामी सोडायची नाही. नंबर लहान असला तर पुढे शून्यं लावायची. त्यातून मी डेटाबेसवाला. आकडे कमी पडले की डावीकडून शून्यं भरणं हे माझं रोजचं काम, त्याचाच पगार घेतो मी. तर पहिल्या चार घरांत चार गरगरीत शून्यं काढली, खाली सही ठोकली आणि पाकीट पोस्टात टाकलं. वर मुग्धाला म्हणालो, "बघ, दहा मिनिटांत काम. लोक उगाच कन्सल्टंट करतात."

चार दिवसांनी कुठूनसं वाचलं, की ह्या नंबरात गाडीची अख्खी कुंडली असते. कुठल्या कारखान्यात बनली, इंजिन कुठलं, सगळं. म्हटलं चला, ग्रुपवर टाकू, जरा भाव खाऊ. एका वेबसाइटवर नंबर घातला. लाल अक्षरं आली, 'असा नंबर असूच शकत नाही.' शून्यांशिवाय घातला. पुन्हा लाल, 'नंबर सतरा अक्षरीच हवा.'

लगेच शिरीषला फोन लावला. शिरीष मूळचा पुण्याचा, आता इथलाच. व्हिसा, घराचं कर्ज, गुडघेदुखी, त्याला न विचारताही सगळं माहीत असतं, आणि मी तर चक्क विचारलं होतं.

"तेरा?" शिरीष म्हणाला. "शक्यच नाही. माझ्या दोन्ही गाड्यांचे सतरा आहेत. मोज परत."

"तीनदा मोजले यार."

"मग चार आकडे घासून काढलेत कुणीतरी. चोरीची गाडी आहे, सुहास. असंच करतात ते लोक. पट्टीवर ओरखडे आहेत का बघ."

मी फोन कानाला लावून गॅरेजमध्ये पळालो. दार उघडलं. ओरखडे! बारीक, ताजे, आडवे-उभे, जिकडेतिकडे ओरखडे!

"आहेत रे," मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच तो.

"बघ! गाडीचा नंबर बदलणं इथे फेडरल गुन्हा आहे, थेट केंद्र सरकारचा. फेडरल! तू काही केलं नाहीस ना त्या नंबरला?"

"मी... फॉर्मवर पुढे चार शून्यं लावली."

मग शिरीष हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, आपला आज फोन झालेला नाही. ओके? वहिनींना नमस्कार सांग." आणि कट!

आता मी एवढा का घाबरलो ते तुम्हाला सांगायलाच हवं. अकरा वर्षं मी ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे. माझी लेक ईरा इथे जन्मली त्याच्या आधीपासून. मोजून तीन आठवड्यांनी आमचा इंटरव्ह्यू होता. त्या कागदांत एक प्रश्न असतो, तुम्ही कधी कुठला गुन्हा केलाय का, अगदी पकडले गेला नसलात तरी? अकरा वर्षं मी ऐटीत 'नाही' म्हणायची प्रॅक्टिस केली होती. रस्त्यावर थुंकलो नाही हो मी कधी! आणि आता चोरीची गाडी, खोडलेला नंबर, त्यावर माझ्या हाताने काढलेली शून्यं आणि खाली माझीच सही. मुग्धाची नोकरी माझ्याच व्हिसावर. घर, ईराची शाळा, सगळं त्या चार शून्यांना टांगलेलं.

गाडीवर मी दोन सोलापुरी चादरी टाकल्या. मुग्धा ओरडली, "अरे, त्या आईने दिल्यात!" तेव्हा तिला सगळं सांगावं लागलं. ती ओरखडे बघायला गेली, परत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सुहास, ते ओरखडे तूच पाडलेस. माझ्या घासणीने."

माझ्या मनात हे आलंच नव्हतं! तुम्हाला वाटेल मला हायसं वाटलं असेल. छे हो! उलट घाम फुटला. म्हणजे पट्टी घासणाराही मीच, आकडे वाढवणाराही मीच. चोर बिचारा कुठल्या कुठे राहिला, पुरावे सगळे माझे.

ईरा जेवता जेवता म्हणाली, "बाबा, आर वी बॅड गाइज?" मी पोळीचा घास तसाच गिळला.

मग ते पत्र आलं. ज्या ऑफिसातून आलं त्याच्या नावातच चोरी हा शब्द आहे! वरती ठळक अक्षरांत, 'तुमच्या वाहनाच्या क्रमांकाची तपासणी करण्यासाठी आमचा इन्स्पेक्टर मंगळवारी सकाळी दहा वाजता घरी येईल.' खाली आणखी दोन परिच्छेद होते, पण ते वाचायला माझ्यात जीव कुठे उरला होता?

मंगळवारपर्यंतचे सहा दिवस काय सांगू! कचऱ्याची गाडी आली तरी मी पडद्यामागे. किराणाच्या दुकानात एक पोलीस कॉफी घ्यायला आला, तर मी तूरडाळीच्या पोत्यांआड वाकून पाच मिनिटं बुटाची नाडी बांधली. पायात चपला होत्या. मुग्धा आधी चिडली, मग रडली, मग सोमवारी गप्प बसून मेथीचे ठेपले करायला लागली. "तिथे व्हेज मिळेल न मिळेल," म्हणाली. तेव्हा मात्र मी खरोखर हादरलो. कारण मुग्धा कधी घाबरत नाही.

मंगळवारी दहाला बेल वाजली. दारात साठीच्या एक बाई, रुपेरी केस, कमरेला बिल्ला, हातात माझा फॉर्म. मी त्यांना 'गुड मॉर्निंग'सुद्धा म्हणू दिलं नाही.

"ऑफिसर, आय डिड इट!" मी म्हणालो. पुढचं इंग्रजीतच झालं, पण तुम्हाला मराठीत सांगतो. "शून्यं मी काढली. घासलंही मीच. बायकोचा काही संबंध नाही. घासणी तिची आहे, पण तिला माहीत नव्हतं!" आणि पासपोर्ट, व्हिसाचे कागद, लग्नाचं सर्टिफिकेट आणि बारावीची मार्कशीट अशी फाइल त्यांच्या पुढ्यात ठेवून मी दोन्ही हात पुढे केले. बेड्यांसाठी.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मार्कशीटकडे पाहिलं. मग माझ्या पुढे केलेल्या हातांत एक टॉर्च ठेवला आणि म्हणाल्या, "बरं झालं. धर हा, आणि गाडी कुठे आहे ते दाखव."

मी त्यांना गॅरेजमध्ये नेलं आणि उजेड धरला. त्यांनी चादरी बाजूला केल्या आणि एकदम लहान मुलीसारख्या हसल्या. "अगं बाई, काय सुंदर आहे!" असंच काहीतरी म्हणाल्या त्या इंग्रजीत. मग दाराशी गुडघे टेकून पट्टीवर बोट ठेवून मला वाचून दाखवायला लागल्या. पहिला आकडा गाडी कुठल्या कंपनीच्या नावाने विकली त्याचा. पुढचे दोन मॉडेलचे आणि इंजिनाचे. त्यापुढचे दोन बॉडीचे, म्हणजे दोन दारांची. मग सात, म्हणजे सदुसष्ट. मग एक अक्षर, कुठल्या कारखान्यातली. आणि शेवटचे सहा, त्या कारखान्यातून त्या वर्षी निघालेली कितवी गाडी ते.

"पण ते... चार आकडे?" मी विचारलं.

"कुठले चार?"

"उरलेले!"

"उरलेले नाहीतच. सतरा आकड्यांचा नियम एक्याऐंशी सालच्या गाड्यांपासून आला. त्याआधी जो तो कारखाना वाटेल तसा नंबर घालायचा. ह्या गाडीचे तेराच."

मी तिथेच गॅरेजच्या फरशीवर बसलो. बाईंनी गाडीखाली जाऊन सांगाड्यावरचा नंबर पाहिला, इंजिनावरचा पाहिला. सगळे जुळले. गाडी गंगेसारखी स्वच्छ! जुन्या गाड्यांची ही तपासणी प्रत्येकाची होते, पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात तसं लिहिलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. मुग्धा दारात उभी होती. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "ठेपले खाणार का तुम्ही?" बाईंनी तीन खाल्ले.

मग त्यांनी माझा फॉर्म बॉनेटवर पसरला, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"तीस वर्षं हे काम करतेय," त्या म्हणाल्या. "चोर पाहिलेत, दलाल पाहिलेत. ह्या गाडीला तुझ्या आधी पाच मालक झाले. एकानेही हिच्या नंबराला हात लावला नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! सहावा शिकलेला निघाला."