बिनफ्रेमची टाकी आणि लाल-हिरवी पट्टी

मासे पाळणाऱ्यांचे किस्से काचेवरच्या शेवाळासारखे असतात. आज पुसून काढावेत, आठ दिवसांत पुन्हा दाट! नेदरलँड्सहून डिझाइन शिकून परतले आणि आकुर्डीत फिश टँक बनवायचं दुकान काढलं, तेव्हापासून माझ्याकडे ते साचतच चाललेत. घरात एक सुंदर टाकी असली की माणसं टीव्ही बंद करून शांत बसतील, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं! बाबांची अट एकच होती. "वर्षभरात एक जरी टाकी गळली, तर शटर खाली आणि चाकणच्या कारखान्यात नोकरी."

काच चिकटवायला दत्तूकाका. मूळचे आकुर्डीचेच, सारी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेले. मी त्यांना बिनफ्रेमची टाकी समजावली. वर काठ नाही, कोपऱ्यांत पट्ट्या नाहीत, जणू पाणी नुसतंच उभं आहे! काकांनी शांतपणे चहा संपवला.

"म्हंजे काम अर्धंच ठिवायचं, व्हय?"

मग टाकीतल्या दगडांचा धडा. मोठा दगड मध्यावर नको, जरा बाजूला हवा, म्हणजे नजर टाकीभर फिरत राहते. मी अर्धा तास बोलले. काका मन लावून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी बघते तर दगड बरोब्बर मधोमध!

"सरकला व्हता ताई. टेप लावून मधी घेतला."

निगडीच्या एका काकूंनी सोफ्याला मॅचिंग म्हणून केशरी गोल्डफिश घेतले. छान दिसत होते, कबूल! दिवाळीत त्यांचा फोन आला. "अगं, सोफा बदललाय. ग्रेमध्ये मासे एक्स्चेंज होतील का?"

चिखलीतल्या एका घरात हॉल आणि किचनच्या मध्ये भिंतीऐवजी टाकी बसवली. दोन्ही बाजूंनी आरपार! आठवड्याने सूनबाईंचा हळू आवाजात फोन. "ताई, झाडं जरा दाट लावाल का? सासूबाई सारख्या बघतात." तासाभराने सासूबाईंचा. "झाडं जरा दाट लाव गं. सून सारखी बघते!"

आणि कांबळेभाऊ. चाकणला एका कंपनीत माल तपासणाऱ्या क्वालिटी खात्यात आहेत. त्यांच्या हॉलमधली बिनफ्रेमची टाकी म्हणजे माझं सगळ्यात देखणं काम. दुसऱ्याच दिवशी त्यांनी काचेवर लाल-हिरवी पट्टी चिकटवली. वर मॅक्स, खाली मिन! मला रडूच आलं. "राहू द्या मॅडम," ते म्हणाले, "पट्टी नसली तर कळणार कसं?"

वर्ष संपायला पंधरा दिवस होते आणि त्यांचा फोन आला. "मॅडम, पाणी मिनच्या खाली गेलंय. वाफ होऊन उडून जातं तेवढं मी हिशेबात धरलंय. हे त्याच्या दुप्पट आहे!"

बाबा शेजारीच बसले होते. उठून माझ्या स्कूटरवर मागे बसले.

मी फोन केला होता, त्यामुळे दत्तूकाका आमच्याआधी पोहोचले होते. प्रत्येक जोडावर वर्तमानपत्राचा कागद दाबून बघत होते. कागद सुका. फरशी सुकी.

"माझा जोड गळत न्हाई," काका म्हणाले, पण आवाज बारीक.

तेवढ्यात कांबळेभाऊंची आई बाल्कनीतून आली. हातात तांब्या. सरळ टाकीपाशी गेली, तांब्या बुडवला, भरला आणि बाल्कनीतल्या गुलाबांकडे निघाली.

"आई!!"

"ओरडतो कशाला? ही पोरगीच म्हणली होती, माशाचं पाणी म्हणजे झाडांना अमृत!"

खरंच, मीच म्हणाले होते. टाकी बसवली त्या दिवशी, चांगला पाऊण तास!

मी तिथेच फरशीवर बसले. दत्तूकाकांनी कागदाची नीट घडी घातली. बाबा मात्र बाल्कनीत जाऊन गुलाब बघत उभे राहिले. मग आजींना म्हणाले, "एक फांदी मिळेल का? दुकानाच्या दारात लावतो."

पुढच्या रविवारी टाकी साफ करायला गेले. आजींच्या तांब्यावर लाल-हिरवी पट्टी होती.