सगुणा जिथं थांबायची

रविवारी तासभर लेकरांना धर्मशिक्षण द्यायचं म्हटलं, की आठवडाभर पुरेल एवढं हसू घरी येतं. कुणाला सांगितलं नाही तर ते साठत जातं आणि तळाशी भलतंच काही बसतं. म्हणून सांगते.

कळमनुरीजवळच्या आमच्या गावात कॅथलिक घरं नऊच. गावात फोन एक, तोही एसटीडी बूथवर. फादर पंधरा दिवसांनी मोटरसायकलवर येतात, मिस्सा, म्हणजे आमची उपासना, करतात, जातात. मी लग्न होऊन आले आणि महिन्याभरात सासूबाईंनी त्यांना सांगून टाकलं, "आमची सून बारावी झालीया. बोलत न्हाई फार, पण लेकरायला शिकवील." मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी गप्पच बसले असते, म्हणजे सासूबाईंचं बरोबरच होतं.

लेकरं सात. त्यातली सगुणा आठ वर्षांची, आई वारलेली, चुलतीकडं राहणारी. तिला एकच घाई होती, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची, फादरांच्या हातून पवित्र भाकर घ्यायची. आईनं आजारपणातच त्यासाठी पांढरा झगा शिवून ठेवला होता.

*

पहिल्या रविवारी मी सांगितलं, प्रत्येकाजवळ त्याचा रक्षक देवदूत असतो. पुढच्या रविवारी सतरंजी पुरेना. दर दोघांच्या मध्ये एक जागा रिकामी. उशिरा आलेली सगुणा उभीच.

"सरका रे," मी म्हटलं.

"कसं सरकावं, बाई? मधी याचा दूत बसलाय."

सगुणानं जरा विचार केला आणि आपल्या शेजारच्या हवेला म्हणाली, "तू उभा राह्य. म्या बसते."

*

जेवणाआधी देवाचे आभार मानायचे, हे शिकवलं आणि योहानची आई तक्रार घेऊन आली.

"ते आधी ताटात बघतंय. वांगं असलं की हात जोडत न्हाई. म्हणतंय, भेंडी केल्यावर मानीन."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मग भेंडी करत जा की."

*

ख्रिस्तप्रसादाआधी फादरांना आपली पापं सांगायची असतात, त्या पापनिवेदनाची रंगीत तालीम घेतली. मी खुर्चीवर फादर होऊन बसले. योहान आला, म्हणाला, "शेळीला धोंडा मारला." दुसरा आला, त्यानंही शेळीला धोंडा मारलेला. तिसरी, चौथा, पाचवी, सगळ्यांचा तोच धोंडा, तीच शेळी. सहावीनं दोन मारले होते. स्वतःचं पाप आठवेना, म्हणून योहानचंच सगळ्यांनी उसनं घेतलेलं.

शेवटी सगुणा आली. गुडघे टेकले, खाली मान घालून म्हणाली, "शेळी आमची हाय, बाई. तिला काई झालेलं न्हाई."

*

मग परीक्षेचा दिवस आला. आमच्याकडं रीत अशी, की प्रार्थना न अडखळता आली तर पहिला ख्रिस्तप्रसाद, नाहीतर पुढच्या वर्षी. सगुणानं प्रभूची प्रार्थना घडाघडा म्हणायला घेतली आणि 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या ओळीच्या तोंडाशी थांबली. मी मागून हळूच ओळ पुरवली. तिनं घेतली नाही.

फादर समजुतीनं म्हणाले, "पुढच्या साली, बाळ. ताई, हिचं पाठांतर कच्चं आहे."

मी मान हलवली.

नंतर तिला बाजूला घेऊन विचारलं, "येत होतं की तुला. काहून थांबलीस?"

"चुलतीनं आईच्या साड्या बोहारणीला दिल्या. एक पातेलं घेतलं. मी तिला क्षमा केली न्हाई. देवासमोर केली म्हणू का?"

फादर तेव्हा अंगणात चहा घेत होते. दहा पावलांवर. सोबत सासरे, दीर, गावातली चार वडीलधारी माणसं. नव्या सुनेनं तिथं जाऊन बोलू नये, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मीच ठरवलं. मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला, तेव्हा मी कपबश्या विसळत होते.

*

वर्षभर मी सगुणाची तयारी करून घेतली. रोज संध्याकाळी, दहा-दहा वेळा. ती त्या ओळीशी थांबली, की मी म्हणायचे, "पुन्हा." पाठांतर कच्चं म्हणाले होते ना, म्हणून पाठांतर.

यंदा झग्याची दुमड उसवून तो लांब करावा लागला. सगुणा फादरसमोर उभी राहिली आणि एका दमात सगळी प्रार्थना म्हणून मोकळी झाली. त्या ओळीला तिनं श्वाससुद्धा घेतला नाही. फादर खूश. "वा ताई, छान तयारी करून घेतलीत."

डोक्यावर पांढरी ओढणी लावता लावता मी तिच्या कानाशी विचारलं, "चुलतीला क्षमा केलीस?"

"न्हाई."

"मग म्हणलीस कशी?"

"आता पाठ झालंय ना, बाई."