आयतुन दादीची बदकं

चर मोइना या नदीमुखातल्या गाळाच्या बेटावर मोर्शेदाच्या गळ्यात बायकांचा मेळाच भरलेला असायचा. संध्याकाळ झाली की घरोघरच्या बायका खाडीकाठी उभ्या राहून 'तोइ तोइ तोइ' करत आपापली बदकं घरी बोलवायच्या. हाक एकच, पण प्रत्येकीचा हेल निराळा. कुणी लाडीगोडी लावी, तर कुणी भांडायला उठल्यासारखी ओरडे. बदकं तेवढी शहाणी, आपल्या मालकिणीच्या हेलालाच वळायची. मोर्शेदाला मात्र सगळे हेल यायचे, आणि ते काढून दाखवल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

आयतुन दादीचा हेल म्हणजे तर मेजवानीच. दादी आधी घसा खाकरायची, मग 'तोइ'चं शेपूट नाकातून वर उचलायची आणि शेवटी बदकांच्या खानदानाचा उद्धार करायची. ईदला मोर्शेदानं हे सगळं दादीच्या नव्या व्याह्यांसमोर करून दाखवलं. व्याह्यांच्या नाकातून शेवया आल्या. दादी मात्र ताटावरून उठली.

"पुन्हा माझा आवाज काढलास तर माझ्या मयतीला येऊ नकोस!"

मोर्शेदानं कान पकडले, शपथ घेतली. तेव्हापासून दादीनं तिच्याशी अबोला धरला होता.

आता हीच मोर्शेदा वादळाची वर्दी देणाऱ्या स्वयंसेवकांत होती, आणि भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधाबाहेरची घरं तिच्या वाट्याला होती. त्या दिवशी सकाळी रेडिओनं इशारा दिला आणि त्यांच्या पथकाच्या हारेस भाईंनी बांबूवर तिसरा लाल झेंडा चढवला. तीन झेंडे म्हणजे घर सोडा, निवाऱ्याच्या पक्क्या इमारतीत चला. मोर्शेदा भोंगा घेऊन धावत सुटली.

"काय गं मोर्शेदा," एका दारातून आवाज आला, "मागचं वादळही तूच आणणार होतीस ना? कुठं गेलं ते? सासरी?"

"गेलं होतं भाबी! आता भांडून माहेरी येतंय. पोरं उचला!"

हसत, कुरकुरत माणसं निघाली. दुपारपर्यंत बांधाबाहेर एकच घर उरलं, आयतुन दादीचं. दादी खाडीकाठी उभी राहून वाऱ्याशी झगडत ओरडत होती. वारा तिची हाक ओठांवरूनच पळवून नेत होता. बदकं पलीकडच्या लव्हाळ्यात कुठंतरी दडली होती, आणि खाडीचं पाणी दादीच्या अंगणाला लागलं होतं.

"दादी, चला! पाणी आलं!"

दादी अबोला विसरली. "बदकं आल्याशिवाय मी हलायची नाही."

"अहो, बदकं पोहतात. तुम्ही पोहता का?"

"पोहत पोहत परक्याच्या कढईत जातात ना! मग?"

मोर्शेदानं हात धरला, दादीनं झटकला. पुन्हा धरला, दादीनं केळीचं झाड मिठीत घेतलं. दादीला टाकून मोर्शेदा जाणार नव्हती, आणि बदकांना टाकून दादी. पाणी घोट्यापर्यंत चढलं.

मोर्शेदानं एकवार दादीकडे पाहिलं, पाठ फिरवली, भोंगा तोंडाला लावला आणि जोरात खाकरली.

"तोइ तोइ तोइँऽऽ! या गं सटव्यांनो, तुमच्या आजीला कोल्ह्यानं नेलं!"

शेपूट नाकातून, उद्धारासकट, सगळं जसंच्या तसं. लव्हाळं हललं. एक चोच बाहेर आली, मग सगळी पलटण. मोर्शेदा थांबली नाही. खाकरत, शिव्या घालत ती बांधावर चढली आणि निवाऱ्याच्या वाटेला लागली. तिच्यामागे बदकं डुलत निघाली.

"थांब, चोरटे!" दादीनं केळीचं झाड सोडलं. "माझी बदकं! माझा आवाज! थांब म्हणते ना!"

अशी वरात निवाऱ्याला पोचली. दारात हारेस भाई आडवे आले.

"दादी, बदकं वरच्या मजल्यावर?"

"मग तू खाली बस," दादी म्हणाली आणि बदकांसह जिना चढली.

थोड्याच वेळात वादळ असं काही थडकलं, की खिडक्यांच्या झडपा दोघादोघांनी धरून ठेवाव्या लागल्या. बांधाबाहेर आता नुसतं पाणी होतं. दादीनं झरोक्यातून ते पाहिलं आणि कोपऱ्यातली बदकं पुन्हा एकदा मोजली. मोर्शेदानं मुरमुरे-गूळ तिच्यापुढे ठेवले.

"मी एवढी खाकरत नाही," दादी शेवटी म्हणाली.

"खाकरता, दादी."

"आणि कोल्हा नाही, बोका म्हणते मी. शिकायचं तर नीट शीक. ऐक!"

दादी खाकरली. सगळा निवारा कान देऊन बसला. 'तोइँऽऽ'चं शेपूट वर गेलं, बोका आला, आजी गेली, आणि कोपऱ्यातून सगळी बदकं एका सुरात ओरडली. वादळाचा आवाज क्षणभर हशाखाली दबला.

"मग दादी, मयतीला येऊ ना मी?" मोर्शेदानं हळूच विचारलं.

"मेले, आधी मरू देशील तर ना!" असं म्हणून दादीनं मुरमुऱ्यांची मूठ भरली आणि निम्मी तिच्या ओंजळीत टाकली.