उत्तरांखालची ओळ

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर तर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. जो कोणी हे वाचेल त्याने सांभाळून घ्यावं. भाऊजींच्या तेरवीला गावात ठरलं की त्यांच्यावर पेपरच्या पुरवणीत काहीतरी यायला पाहिजे. शाळेतल्या गुरुजींनी लिहिलं, ते छापूनही आलं. ‘खेड्यात बसून जगाशी नाते जोडणारा तरुण’ असं त्यात होतं. भाऊजी बेचाळीस वर्षांचे होते, आणि जगाशी त्यांचं नातं कोणतं होतं ते मी सात वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलं आहे. म्हणून मी हे वेगळं लिहून ठेवते. लेकीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती.

सुधाकर भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, खामगावला वारले. छापखान्यात उभं राहून आपल्या धंद्याची कार्डं मोजून घेत होते, छातीत कळ आली, खाली बसले ते उठलेच नाहीत. हे शेतात होते म्हणून फोन मी उचलला. छापखान्याचा मालक बोलत होता. “सुधाकरराव गेले हो बाई,” म्हणाला. मग जरा थांबून, “पाचशे कार्डं तयार आहेत... कोणापाशी देऊ?” माणूस गेल्याचं वाईट वाटलंच, नाही कशाला म्हणू. पण फोन हातात धरून उभी असताना मला पहिलं आठवलं ते मागच्या उन्हाळ्यातलं. शेजारची म्हातारी वारली होती, तिच्या तेरवीच्या पंगतीत भाऊजी असेच कार्डं वाटत फिरले होते. प्रत्येक पत्रावळीजवळ एक. म्हातारीच्या लेकाने वर पाहिलं, तर त्याच्याही हातात एक दिलं.

त्यांचा धंदा नीट सांगते. कॉम्प्युटरवर चर्चेचे मंच असतात. कोणी तरी प्रश्न विचारतो, बाकीचे खाली उत्तरं लिहितात. त्यात अशी सोय असते की आपण काहीही लिहिलं तरी त्याच्याखाली आपली एक ठरलेली ओळ आपोआप उमटते. तिला ते लोक सही म्हणतात. भाऊजींनी घरगुती तिखट विकायची एक वेबसाइट काढली होती, तिचं नाव ठेवलं ‘वहिनीचं तिखट’. मला विचारलं नव्हतं. त्यावर नथ घातलेल्या एका गोऱ्या बाईचं चित्र होतं, ती मी नव्हे. आणि मंचांवरची त्यांची ओळ अशी : ‘वहिनीचं तिखट, वऱ्हाडची आग तुमच्या ताटात! इथे टिचकी मारा. सुधाकर, संचालक.’ संचालकाचं सगळं कार्यालय म्हणजे आमच्या पुढच्या खोलीतलं टेबल, आणि कर्मचारी म्हणजे मी.

सुरुवातीला त्यांचं काम फार सोपं होतं. कोणी काही लिहिलं की हे खाली ‘छान’ लिहायचे. कोणाच्या मुलीचा पहिला नंबर आला, छान. कोणी धरणावर लेख लिहिला, छान. कोणाची गाडी चोरीला गेली तिथेही एकदा छान लिहून बसले, कारण वर काय लिहिलंय ते वाचत कोण होतं? दिवसाला शंभर ‘छान’ म्हणजे शंभर ठिकाणी ओळ, एवढाच त्यांचा हिशोब. संध्याकाळी चहा घेताना आकडा सांगायचे, जसा काही शंभर पोती माल उतरवून आलेत. मग दोन मंचांनी त्यांना काढून टाकलं. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले.

“वहिनी, त्यांनी मले हाकलून देल्लं वो.”

“काऊन?”

“म्हणते, तुमी काई कामाचं लिहीत नाई. आता कामाचं कोठून आणू?”

तेवढ्यात त्यांना कुठेतरी दिसलं की एक जण विचारतोय, मिरचीची पानं मुरडून राहिली, काय करावं. मी भाकरी थापता थापता सांगितलं की तो कोकडा आहे, मुरडलेलं झाड ठेवायचं नाही, उपटून जाळायचं, आणि पुढच्या वेळी कडेने मका लावायचा म्हणजे किडीला अटकाव होतो. भाऊजींनी ते जसंच्या तसं टाइप केलं. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी आभार मानले. त्या दिवसापासून आमची रीतच पडली. ते पुढच्या खोलीतून ओरडून प्रश्न वाचायचे आणि मी आतून उत्तर द्यायची. तिखटाला जाळी लागू नये म्हणून काय करावं? हिंगाचे खडे ठेवावेत. कुरडयांचा चीक का फाटतो? गहू कमी भिजला. लेकराला दात येताना काय द्यावं, सासू बोलत नाही तर काय करावं... मी चार माणसांत तोंड उघडत नाही, लग्नकार्यात सुद्धा भांड्यांच्या खोलीत असते. पण भिंतीआडून बोलायला मला काही वाटायचं नाही. “वहिनी, सतरा जण धन्यवाद म्हणून राह्यले,” असं ते म्हणाले की मला आवडायचं. हे खोटं कशाला सांगू? जन्मात मला इतक्या लोकांनी काही विचारलं नव्हतं. केर काढताना मी ते पडद्यावर हळूहळू वाचायचे, तेवढ्यावर माझं विसरलेलं वाचन परत आलं.

एकदा एका बाईने लिहिलं होतं की आई जाऊन महिना झाला, आईने घातलेली लोणच्याची बरणी घरात आहे, ती उघडवत नाही. भाऊजींनी वाचून दाखवलं आणि म्हणाले, “याले काय लिहू? लवकर सांगा, अजून कोणी लिहिलं नाई.” मी हात धुतले. म्हटलं, लिहा, उघडू नको. मन होईल तेव्हा उघडशील. खराब झालं तरी होऊ दे, ते आता खायसाठी नाही. त्यांनी लिहिलं. खाली ओळ उमटली, ‘वऱ्हाडची आग तुमच्या ताटात!’ मी ते दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांना बोलले.

“भाऊजी, त्या बाईखालचं तरी काढा.”

“ते आपोआप येते वहिनी, मी काय करू? कॉम्प्युटर हाय तो.”

पुढे चार महिने त्यांनी तिखट सोडून लग्नं जुळवायचं काढलं, तेव्हा ओळ बदलली. आणि मला कळलं की ओळ बदलली की ती जुन्या सगळ्या उत्तरांखालीही बदलते. त्या बाईच्या मेलेल्या आईखाली आता लिहिलं होतं, ‘अनुरूप स्थळांसाठी त्वरित संपर्क साधा.’ लग्न एकही जुळलं नाही. स्वतःचंही नाही.

तिखटाकडे परत आले तेव्हा पहिल्या वर्षी काम नीट झालं. मिरची आमच्या शेतातली, डेख म्हणजे देठ काढले मी, वाळवली मी, डंखावर कुटायला नेली मी, पाकिटं भरली मी. माल गेला, लोकांना आवडला. दुसऱ्या वर्षी त्यांनी एकोणतीस जणांकडून आधीच पैसे घेतले. त्या वर्षी आमचीच मिरची कोकड्याने गेली, म्हणजे बाहेरून विकत आणायला लागणार होती. मी आठवण करून दिली तर भाऊजींचा चेहरा फुललेला. पुण्याचा कोणी एक माणूस त्यांना मंचावरच भेटला होता. त्याने सांगितलं होतं, तुमची ओळ मी एक हजार मंचांवर लावून देतो. भाऊजींनी एकोणतीस जणांचे पैसे उचलून त्याला दिले.

“हजार ठिकाणी तुमचं नाव जाईन, वहिनी!”

“आणि मिरची?”

“मिरची तं येतेच वो. पहिले नाव गेलं पाह्यजे.”

नाव गेलं. मोटारींच्या टायरवर बोलणाऱ्या लोकांत गेलं, कुत्री पाळणाऱ्या लोकांत गेलं, ज्यांची लिपीसुद्धा आपली नाही अशा लोकांत वऱ्हाडची आग जाऊन पडली. कुत्रेवाल्यांनी एक किलोही मागवलं नाही. पुण्याच्या माणसाचा फोन लागेना. भाऊजी मात्र म्हणायचे, दम धरा, जाहिरातीला वेळ लागते.

मग नाशिकच्या एका गृहस्थाने सगळ्यांसमोर लिहिलं, ‘तीन महिने झाले, पैसे गेले, तिखट नाही. ही वहिनी फसवी आहे. या बाईला लाज कशी वाटत नाही?’ ते मी स्वतः वाचलं, बोट ठेवून, एकेक अक्षर. माझ्या माहेरात, सासरात कोणी मला असा शब्द बोललं नव्हतं. भाऊजी म्हणाले, “तुमाले कोण ओळखते तिथं? कायले जिवाले लावून घेता?” आणि त्यांनी उत्तर काय द्यावं? ‘वहिनी अत्यवस्थ आहेत, मोठे ऑपरेशन झाले, कृपया धीर धरा.’ मी आत भरताची वांगी भाजत होते. पुढचे दोन महिने मी मंचावर खाटेला खिळलेली होते आणि इकडे त्यांना दोन वेळा गरम भाकरी वाढत होते. लोक माझ्या तब्येतीसाठी प्रार्थना करत होते. त्याखालीही ओळ होतीच.

आणि मग भाऊजीच गेले. मंचावर कोणीतरी बातमी दिली, श्रद्धांजलीचं पान उघडलं. तेरवीचे पाहुणे गेल्यावर मी ते वाचायला बसले. किती आपुलकीने उत्तर द्यायचे, शेतीचं केवढं ज्ञान, बायकांचं मन इतकं ओळखणारा पुरुष विरळा... मी वाचत गेले. गुरुजींनी पुरवणीत जे लिहिलं ते इथूनच उचललेलं होतं. आणि प्रत्येक श्रद्धांजलीखाली लिहिणाऱ्याची आपली ओळ. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली दोन खोल्यांचा फ्लॅट विकणे आहे. ‘देव कुटुंबाला बळ देवो’, खाली विम्यासाठी भेटा. एकाने तर नुसतं ‘फार वाईट झाले’ लिहिलं होतं आणि खाली पाच ओळींची साड्यांची यादी होती. भाऊजी असते तर म्हणाले असते, पाहा वहिनी, किती लोकं आले. हो, आले होते. जसे भाऊजी जायचे तसेच.

त्या पानावर नाशिकच्या गृहस्थाने एवढंच लिहिलं होतं, ‘माणूस गेला. पैसे वहिनीकडेच राहिले.’

मी यांना म्हटलं, ते पैसे परत करायचे. हे शांत माणूस आहेत, पण चिडले.

“त्यानं केल्लं, आपण काऊन फेडाचं? आपल्या सहीचा कागद हाय का कोठं?”

“कागद नाही. नाव माझं आहे.”

“तुह्यं नाव कोठं हाय? वहिनी म्हणजे कोणाचीबी वहिनी.”

“त्यांची वहिनी मीच होते,” मी म्हटलं. वीस वर्षांत यांना मी दुसऱ्यांदा उलटून बोलले असेन. हे बाहेर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, “त्याची गाडी विकून टाकू. बाकी आपल्या तुरीतून पाहू.”

पासबुकात एकोणतीस नावं होती, रकमा होत्या, पण पत्ते-फोन काही नाही. या लोकांना शोधायचं कुठे? कॉम्प्युटर भाऊजींच्या नावाने उघडाच होता. सात वर्षं मी पाठीमागून पाहिलेलं, कुठे दाबलं की काय उघडतं. ती ओळ जिथून बदलते ते पान मी काढलं. तिथे एक छोटा चौकोन होता. त्यातली खूण काढली की ओळ उमटत नाही, एवढं सोपं. म्हणजे ते आपोआप येत नव्हतं. ते दर वेळी भाऊजी येऊ देत होते, त्या आईवेगळ्या बाईखालीसुद्धा. मी खूण तशीच ठेवली आणि एका बोटाने ओळ बदलली : ‘सुधाकर वारले. तिखटाचे पैसे भरलेल्यांनी कळवावे. परत देऊ. वहिनी.’ एवढं लिहायला मला जेवणवेळ झाली. त्यांच्या हजारो उत्तरांखाली, कोकड्याखाली, कुरडयांखाली, प्रत्येक ‘छान’खाली ते एकदम उमटलं.

लोकांनी कळवलं. चौतिसांनी कळवलं, त्यांत सहा जण असे की ज्यांनी कधी पैसे भरलेच नव्हते. एक जण तर चार किलोचे मागत होता. मी लिहिलं, ‘पासबुकात तुमचे नाव नाही,’ तर उत्तरही आलं नाही. बाकीच्यांचे हे मोताळ्याला बँकेत जाऊन भरत गेले. काही जणांनी लिहिलं, तुमची प्रकृती आता कशी आहे? मी लिहिलं, मला काही झाले नव्हते. कोणी विचारलं, ती सगळी उत्तरं तुमचीच होती का? त्याला मी काही लिहिलं नाही. तेवढं माझ्याने झालं नाही.

अठ्ठावीस झाले. राहिला नाशिकचा. तो तीन आठवडे बोलेना. मग एक दिवस त्याचं लांबलचक आलं, की मृताच्या कुटुंबाकडून पैसे घेणं माझ्या मनाला पटत नाही, मी मोठ्या मनाने सोडून देतो, वहिनींना क्षमा. सगळ्यांसमोर लिहिलं होतं आणि खाली लोक त्याची वाहवा करत होते. मला फसवी म्हणायलाही हाच, आणि क्षमा करायलाही हाच! मी लिहिलं, ‘क्षमा नको. खाते नंबर पाठवा.’ दोन दिवस काही नाही. परत तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने नंबर पाठवला. मी आणखी एक लिहिलं, की मिळाल्यावर जिथे मला नावं ठेवली होती तिथेच, त्याच्याच खाली, तसं लिहा.

सोमवारी हे बँकेत गेले. बुधवारी त्याने लिहिलं. त्याच्याखाली त्याचीही काही ओळ होती, ती मी वाचली नाही. वरचं तेवढं बोट ठेवून वाचलं. ‘वहिनींकडून माझे सर्व पैसे मिळाले.’