न दिलेला आशीर्वाद

माझी मुलगी स्पेनमधल्या मुलाशी लग्न ठरवून घरातून निघाली, तेव्हा माझ्या पाया न पडताच गेली, असं मी नातेवाइकांना सांगत आलो. ते खोटं आहे. ती वाकली होती. मी पाय मागं घेतले. तिची आई खाली रिक्षात सामान ठेवत होती, म्हणून पाहणारं कुणी नव्हतं. लोक मुलीला नावं ठेवत राहिले आणि मी ऐकत राहिलो. तिनं ते कधी खोडून काढलं नाही.

तिच्या मुलीचं, माझ्या नातीचं, मराठी तोडकंमोडकं. तिच्याशी बोलता यावं म्हणून यंदा मी मोबाईलवर स्पॅनिशची शिकवणी लावली. शिकवणारी पुण्याची पोरगी. गेल्या आठवड्यात तिनं इच्छा सांगायची रूपं घेतली.

"सर, सोपं आहे. शेवटी 'आर' असेल तिथं 'ए' येतो. 'एर', 'ईर' असेल तिथं 'आ'. आब्लार म्हणजे बोलणं. के आब्लेस, तू बोलावंस. कोमेर म्हणजे खाणं. के कोमास, तू खावंस. बिबीर म्हणजे जगणं. के बिबास, तू जगावंस."

मी जेवतानाही घोकत होतो.

"अहो, कोमा कोमा काय लावलंय? दवाखान्यात आहात का?" बायको म्हणाली. "भाकरी गार झाली की."

"खावं, असा अर्थ आहे त्याचा."

"मग खावा की! नुसती इच्छा कसली करताय?"

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. बायकोनं फोन शेंगाचटणीच्या बरणीला टेकवून ठेवला. मी नातीला म्हटलं, "किएरो के आब्लेस कोन्मीगो." तू माझ्याशी बोलावंस असं मला वाटतं.

ती खुदकन हसली. मग उठली आणि वाकली. डोकं पडद्याखाली गेलं. पुन्हा वर येऊन माझ्याकडे बघत राहिली.

"आजोबा, आता म्हणायचं. के बिबास मुचोस आन्योस." तू पुष्कळ वर्षं जगावंस. "आई निघाली, तेव्हा तुम्ही म्हणाला. डोक्यावर हात ठेवला. आई सांगते."

पडद्यावर मुलीनं मान फिरवली.

"कधी?" बायको म्हणाली. "ही पाया पडलीच नव्हती की."

"असू दे गं आई," मुलगी घाईघाईनं म्हणाली. "पोरीला काहीतरी सांगावं लागतं."

ती पुन्हा स्वतःवर घेत होती.

"पडली होती," मी म्हणालो. "मीच पाय मागं घेतले."

बायको फोन उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आत कोण काय बोललं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एकेका नातेवाइकाला खरं सांगायला लागलो. पहिला फोन वैरागच्या थोरल्या बहिणीला केला.

"आत्ता सांगतोस व्हय रं?" ती म्हणाली. "अरं, मी लई बोलले की तिला. फोन करून बोलले. पोरगी नुसती ऐकून घेत हुती."