वितीने मोजलेलं ओझं

पाटेवाल्याला सगळे वीतकाका म्हणायचे. जीपच्या मागच्या चाकांवर पोलादी पाट्यांची कमान असते, ती दुरुस्त करणं एवढाच त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. मोजायला टेप नाही. उजवा अंगठा कधीतरी पाट्याखाली सापडून बाहेर वळलेला, त्यामुळे त्यांची वीत आपल्यापेक्षा बोटभर मोठी. "घरातल्या पलंगाचं माप ह्यांनी आपल्या वितीने सांगितलं, सुताराने त्याच्या वितीने केला," काकू सांगायच्या, "म्हणून ह्यांचे पाय बाहेर राहतात."

मी डोळ्यांच्या दवाखान्याची जीप चालवतो. यंत्रं भरून डोंगरावरच्या वस्तीत जायचं, लोकांचा नंबर काढायचा, तिथल्या तिथे काचा घासून चष्मे द्यायचे. पण भरली की गाडी मागून इतकी बसायची की पुढचे दिवे आभाळ तपासायचे. शेवटच्या चढावर मागची बाजू दगडांवर टेकायची आणि पुढची चाकं हलकी पडायची. सगळ्यात वरच्या वस्तीत गाडी कधी पोचलीच नव्हती; दोनदा आम्ही तिथून परत फिरलो. डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, "तिसऱ्यांदा असं झालं तर वरचं शिबिर बंद." वर माझी आई राहते. कंबरेमुळे तिला खाली आणता येत नाही, आणि दोन वर्षं ती चाचपडत स्वयंपाक करते आहे.

मी आधीच तीन जादा पाटे चढवून घेतले होते. त्याने गाडी कधी रिकामी चालवली तर हाडं खिळखिळी करायची आणि भरल्यावर पुन्हा बसायचीच. वीतकाकांकडे गेलो तो चौथा पाटा मागायला.

"भरून आण," ते म्हणाले. "वर नेतोस तश्शी. बाईंनाही आण."

माझा पारा चढला. "काका, डॉक्टरीणबाई म्हणजे काय पोतं आहे?"

"गाडीला काय कळतंय?"

बाई हसत आल्या, नर्सला घेऊन आपापल्या जागी बसल्या. काकांनी चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत वीत टाकली. दोन विती, एक बोट. सगळं उतरवून पुन्हा मोजलं. दोन विती, सहा बोटं.

"भरलेली किती दिवस उभी असते?"

"कायम!" मी छाती काढून सांगितलं. "महिन्यातून एकदा जायचं असतं, पण आपली तयारी पक्की."

"तुला महिनाभर डोक्यावर हंडा देऊन उभा करतो. मग बघू तुझी कंबर."

माझं तोंड एवढंसं झालं. सामान चढवण्या-उतरवण्याचा कंटाळा मी तयारीच्या नावावर खपवत होतो, आणि तिकडे पोलाद खचत होतं.

मग काका स्वतः जीपच्या मागच्या टोकाला, जनरेटर ठेवायचो तिथे बसले. मागची बाजू बोटभर खाली गेली. उठून पुढच्या सीटांच्या पाठीला टेकून बसले, तर जेमतेम हलली. माणूस तोच, वजन तेच. सात वर्षं मी ही गाडी चालवतोय आणि हे मला कुणी दाखवलं नव्हतं, मीही बघितलं नव्हतं.

पाटे सुटे केल्यावर त्यांनी ते घासून लख्ख केले, रॉकेल चोळलं, कोरडे पुसले आणि वर खडू फिरवला. आम्ही बघत बसलो. थोड्या वेळाने एका पाट्याच्या पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली. आत मुरलेलं रॉकेल चिरेतून वर आलं होतं. मी तोंडात बोटं घातली. डॉक्टरीणबाई तर उकिडव्या बसून रेघेकडे बघतच राहिल्या. "मी डोळ्यात असंच थेंब टाकून ओरखडे शोधते," त्या हळूच म्हणाल्या.

चिरलेला पाटा बदलला. माझे तिन्ही जादा पाटे निघाले. मूळचे पाटे तापवून, ठोकून, तेलात बुडवून काकांनी पुन्हा कमानीत आणले. जनरेटर सीटांच्या पाठीशी बांधला. काचा घासायला न्यायचो ते पाणी वस्तीत मिळतं म्हटल्यावर त्याचे सगळे कॅन खालीच ठेवले. आता भरलेली गाडी दोन विती, चार बोटं.

पुढच्या शिबिराला तो शेवटचा चढ आला. पुढची चाकं जमिनीला धरून राहिली. दगड आले, गेले. कान टवकारून बसलो होतो, पण खालून काही म्हणजे काही लागलं नाही. वर पोचल्यावर मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं आणि चक्क रडलो.

आईचा चष्मा तयार व्हायला तास लागला. बाईंनी तो तिच्या नाकावर बसवला. आईने आधी स्वतःचे भाजलेले हात उलटसुलट बघितले. मग मान वर करून माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ.

"अरे," ती म्हणाली, "तुझे केस पिकले की रे! कधी?"