राजवाड्याचा हात

राजवाड्याजवळ रस्ता ओलांडायचा तर आम्ही इंदूरकर सिग्नल बघत नाही, हात दाखवतो. तळवा पुढे धरला की रिक्षा, स्कूटर, हातगाडी, सगळे थांबतात किंवा वळसा घालतात. पन्नाशी आली तरी या हातामुळे माझं कधी अडलं नाही. अडलं ते थेट दहा हजार फुटांवर.

विमानातून एकटीनं उडी मारायला मी गेल्या वर्षीच शिकले होते. आमच्या अन्नपूर्णा भागातल्या शेजारणींच्या मते तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. पण मला आता नवाच किडा चावला होता. पडता पडता चार माणसं एकमेकांचे हात धरून गोल करतात, ते कसं? सगळेच खाली चाललेले असताना एक जण दुसऱ्याकडे जातो तरी कसा? आम्ही जिथून उड्या मारायचो त्या धावपट्टीवर तिघांच्या एका गटाला चौथं माणूस हवं होतं आणि ती जागा मला मनापासून हवी होती. आमचे सर महूच्या फौजी घरातले, स्वतःही फौजेतून निवृत्त. ते म्हणाले, "देखो ताई, हवेत माझ्यापर्यंत येऊन दाखवा. दोन चान्स. नाही जमलं तर ते लोक दुसऱ्याला घेऊन टाकतील."

आधी जमिनीवर सराव. चाकं लावलेल्या फळीवर पालथं झोपायचं आणि एकमेकांकडे सरकायचं. पुढे जायचं तर पाय ताणा, सर सांगत. हात पुढे केलेत तर हाताखाली हवा अडते आणि तुम्ही मागे जाता. एकच हात केलात तर गर्रकन फिरता. पोचल्याशिवाय हात द्यायचा नाही. मला सगळं पाठ होतं.

पहिल्या उडीत सर माझ्यासमोर दहा-बारा फुटांवर होते. मी पाय ताणले, जवळ गेले, जरा घाबरले, आणि माझा उजवा हात आपोआप वर आला. तळवा पुढे, राजवाड्यावर येतो अगदी तसा. सर दिसेनासे झाले. नुसतं आभाळ आणि शेतं गरगरत होती.

खाली उतरल्यावर सर म्हणाले, "ताई, मी काय ट्रॅफिक आहे का, रोकायला?"

मला स्वतःचा भयंकर राग आला. पण खोड कुठली ते कळलं होतं, म्हणून आठवडाभर मी रोज ऑफिस सुटल्यावर राजवाड्यावर गेले आणि दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरून रस्ता ओलांडला. पहिल्या दिवशी एक रिक्षावाला ओरडला, "अरे मैडम, हाथ तो दिखाओ!" चौथ्या दिवशी मात्र गंमत लक्षात आली. समोरच्याच्या डोळ्यांत बघत सावकाश चालत राहिलं की तोही माझ्याकडे बघतो आणि वेग कमी करतो. हाताचं काम नजरच करत होती, आणि हे मला पन्नास वर्षं माहीत नव्हतं.

दुसऱ्या उडीत मी फक्त सरांच्या चष्म्याकडे बघत राहिले. पाय ताणले. उजवा हात शिवशिवला, पण राहिला जागेवर. सर मोठे होत गेले, त्यांच्या पांढऱ्या मिशा वाऱ्यानं थरथरताना दिसल्या. मी थांबले. त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे मी त्यांचे हात धरले. मग ठरलेल्या उंचीवर हात सोडले, पाठ फिरवून लांब गेले आणि पॅराशूट उघडलं. त्याखाली मी एकटीच मोठमोठ्यानं हसत होते.

खाली सर आधीच उतरून वही काढून उभे होते. "उद्या चौघांमध्ये या. जागा तुमची."

आनंदाच्या भरात मी लांबूनच हात पुढे केला. सरांनी आपले हात पाठीमागे बांधले.

"आधी जवळ या, ताई."

मी हात खाली घेतला आणि त्यांच्याकडे बघत चालत गेले.